वहीचं शेवटचं पान

"मला माहीत नाही" असं म्हणायची सवय माणसाने वेळेवर लावून घेतली, तर आयुष्यातला निम्मा ताप वाचतो. डिक्शनरीबाईंनी ती लावून घेतली नाही. रुग्णालयाच्या नोंदखोलीत त्या सव्वीस वर्षं बसत होत्या, आणि या सव्वीस वर्षांत आजाराच्या नावाचा अर्थ विचारून त्यांच्याकडून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्याचाच त्यांना वैतागही होता. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, ते त्यांच्या टेबलाशी अर्धा तास उभं राहिलं की कळायचं.

काम तसं साधं होतं. बरा होऊन घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा कागद तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत यायचा. त्यावर डॉक्टरांनी खरडलेलं आजाराचं नाव वाचायचं, त्या नावाला ठरलेला आकडा द्यायचा, आणि कागद लोखंडी रॅकवर लावून टाकायचा. पण नाव वाचायचं म्हणजे काय, हे ज्यांनी डॉक्टरांचं अक्षर पाहिलंय त्यांनाच विचारावं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना एक लांबट वही दिली आणि सांगितलं, की पाठ करत बसाल तर वेड लागेल, शब्द फोडायला शिका. शेवटी आयटिस आलं की दाह किंवा सूज. एमिया आलं की गोष्ट रक्तातली. एक्टमी म्हणजे कापून काढलं. पुढे हायपर असेल तर जास्त, हायपो असेल तर कमी. मधे हेपॅट दिसलं तर यकृत, नेफ्र दिसलं तर मूत्रपिंड, कार्डि दिसलं तर हृदय. मग पेरिकार्डायटिस वाचायला डॉक्टर कशाला हवा? भोवती, हृदय, दाह. हृदयाच्या पिशवीला सूज, झालं.

वही देताना साहेब आणखी एक गोष्ट म्हणाले होते, की शेवटचं पान आधी वाचा. त्या पानाचं सांगतोच पुढे.

तर बाई शब्द फोडायला शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा, की सहा महिन्यांत शिकाऊ डॉक्टरही खाली उतरून त्यांना विचारू लागले. नाव पडलं डिक्शनरीबाई. इथपर्यंत ठीक होतं. पण ही बातमी नातेवाइकांपर्यंत पोहोचली आणि बाईंच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. आत्याबाई, चुलत सासरे, मावसबहिणीचे व्याही, वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, सगळे आपापले कागद घेऊन हजर. डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं असायचं, गोळ्या सुरू असायच्या, तरी "तू जरा फोडून सांग" म्हणून कागद पुढे. आणि फोडून सांगितलं की तोंड पाडायचे, ते वेगळंच. आत्याबाई आर्थ्रायटिस हा शब्द दोन महिने मिरवत होत्या. बाईंनी सांगितलं, आर्थ्र म्हणजे सांधा, आयटिस म्हणजे सूज. आत्याबाई म्हणाल्या, हे तर मीच त्या डॉक्टरला सांगितलं होतं, माझा सांधा सुजलाय म्हणून. बाई म्हणाल्या, हो, आणि त्याने ते ग्रीकमधे करून तुम्हाला परत दिलं. त्याच दिवशी आत्याबाईंनी डॉक्टर बदलला, आणि नव्या डॉक्टरचाही कागद घेऊन आल्या.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक तर दाराची बेल वाजवून, चप्पल काढून, खुर्चीत नीट बसून मग खिशातून कागद काढायचे. त्यांच्या आजाराच्या पुढे इडिओपॅथिक असं लिहिलं होतं. बाईंनी सांगितलं, इडिओ म्हणजे स्वतःचा, पॅथी म्हणजे आजार, म्हणजे आपला आपण आलेला. म्हणजे का आला ते डॉक्टरांना कळलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी कागद उलटून मागची बाजूही तपासली. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे उत्तरपत्रिका कोरी, पण अक्षर सुंदर."

बाईंना हसू आलं, आणि पुढचे तीन महिने त्याचा पश्चात्ताप करावा लागला, कारण मुख्याध्यापकांना आता रोज एक शब्द हवा होता.

पण या सगळ्यांवर कडी होता बाईंचा सख्खा मोठा भाऊ. दादा घड्याळजी. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, समोर काच, आत एक उंच स्टूल, डोळ्याला लावायची भिंगाची डबी, आणि समोरच्या भिंतीवर लहानमोठी अकरा लंबकाची घड्याळं. चाळीस वर्षं तो एका जागी बसून घड्याळं उघडत होता, आणि जगातली प्रत्येक गोष्ट उघडली की कळते, असं त्याचं ठाम मत होतं. धाकटी बहीण शब्द उघडते हे समजल्यावर त्याला जो आनंद झाला, तो तिला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. गिऱ्हाइकाच्या मनगटावरचं घड्याळ सोडवता सोडवता तो त्याच्या आजाराची चौकशी करायचा आणि म्हणायचा, थांबा, आमच्या चिमीला विचारून सांगतो. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या, नातवाची आजी झालेल्या बाईला भर बाजारात चिमी म्हणणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

गेल्या वर्षी दादा नवा चष्मा करायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, आत दिवा टाकून पाहिलं, आणि ग्लॉकोमा लिहून दिलं. रोज दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा, न चुकता, कायमचा, आणि तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. दुखत काही नव्हतं, दिसत सगळं होतं. दादा तिथून घरी गेला नाही, दुकानातही गेला नाही. कागद घेऊन तडक बहिणीच्या टेबलाशी आला.

तो दिवस महिनाअखेरीचा होता. टेबलावर चारशे कागद, वरून दर तासाला फोन, आणि पंखा बंद. बाईंनी त्याला सांगितलं, दादा, आज नको, रविवारी घरी येते. तो म्हणाला, बरं, आणि उभा राहिला. बाईंनी पाच कागद संपवले, तो उभाच. मान वर करून पाहिलं तर हा आपला शेजारच्या गठ्ठ्यातलं वरचं नाव मोठ्याने वाचतोय. तेव्हा मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हणाल्या, "ग्लॉको म्हणजे निळसर करडा. ओमा म्हणजे बहुतेक वेळा गाठ. मिळालं? आता जा आणि थेंब टाक."

दादा खूश होऊन गेला. बाईही कागदांकडे वळल्या. एवढ्या दोन वाक्यांचं पुढे काय झालं, ते त्यांना कळायला आठ महिने लागले.

कळलं ते असं. वहिनीचा एकदा फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मधेच ती म्हणाली, "ताई, हल्ली हे फार धांदरट झालेत हो. दुकानाच्या पायरीला दोनदा अडखळले. परवा समोर ठेवलेली बादली लाथाडली. वर मलाच म्हणतात, मधे कशाला ठेवतेस." बाईंनी विचारलं, थेंब टाकतोय ना? वहिनी म्हणाली, टाकतच असतील, बाटली दुकानात असते, मला कुठे काय दाखवतात.

रविवारी बाई दुकानात गेल्या. दादा स्टुलावर बसून एका जुन्या घड्याळाच्या चाकात तेल सोडत होता. हातात छोटी पांढरी प्लास्टिकची बाटली. बाई जवळ गेल्या, आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती ती. दादाने ती धुऊन, वाळवून, तिच्यात घड्याळाचं तेल भरलं होतं.

तो जराही ओशाळला नाही. उलट कौतुकाने दाखवायला लागला. याचं तोंड बघ किती बारीक आहे, एका वेळी एकच थेंब, असं भांडं बाजारात शोधून मिळत नाही. आणि औषध? औषध तीन आठवडे टाकलं होतं, डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, मग सोडून दिलं.

"कुणाला विचारून सोडलंस?"

"तूच तर सांगितलंस," दादा म्हणाला. "निळसर करडा. मी रोज सकाळी आरशात बघतो, भिंग लावून बघतो. डोळा तपकिरी तो तपकिरी. गाठ म्हणालीस, गाठही नाही. मग तो आजार मला कसा असेल? डॉक्टरचा कागद दुसऱ्या कुणाचा तरी असणार."

बाईंना बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून त्या उभ्याच राहिल्या. राग इतका आला होता की तो कुणावर काढावा ते कळेना. कारण वहीचं शेवटचं पान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. त्या पानावर साहेबांनी स्वतःच्या हाताने शीर्षक घातलं होतं: खोटी नावं. जुन्या लोकांनी चुकीचं समजून ठेवलेली आणि मग तशीच चिकटलेली. मलेरिया म्हणजे वाईट हवा, कारण डास तेव्हा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. हिस्टेरिया म्हणजे गर्भाशयाचा आजार, ज्याचा गर्भाशयाशी काही संबंध नाही. मेलँकोलिया म्हणजे काळं पित्त, असं पित्त कुणी पाहिलेलंच नाही. आणि खालून तिसरी ओळ, ग्लॉकोमा. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी एखाद्या आंधळ्या डोळ्यात निळसर झाक दिसली, त्याने नाव ठेवलं, आणि आज ज्याला ते नाव देतात त्यात डोळा शेवटपर्यंत नेहमीसारखाच दिसू शकतो. ही ओळ बाईंना पाठ होती. दर वर्षी नव्या मुलींना त्या हे पान सर्वांत आधी वाचून दाखवायच्या. सख्ख्या भावाला मात्र त्यांनी पहिली पानं दिली आणि शेवटचं दिलं नाही, कारण त्यांना त्याला टेबलापासून हाकलायचं होतं.

हे सगळं त्यांनी त्याला सांगितलं. नावात काही नसतं, नाव खोटं आहे, आजार खरा आहे, आणि तो न दुखता कडेकडेची नजर खात जातो. दादाने नीट ऐकून घेतलं आणि मग डोळ्यावरचं भिंग काढून विचारलं, की शेवटच्या पानावरची नावं जर खोटी, तर पहिल्या पानांवरची खरी कशावरून? आणि सव्वीस वर्षं तू लोकांना सांगत होतीस ते काय?

बाईंनी हात टेकले. या माणसाला लहानपणापासून कुणी वादात हरवलं नव्हतं, आई थकली, वडील थकले, वहिनीने तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नाद सोडला. शब्दांनी बिघडवलेलं शब्दांनी दुरुस्त होणार नव्हतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अकरा लंबक हलत होते. मग त्यांनी दादाला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः तिथे बसल्या. उजवा डोळा तळहाताने झाकला, डाव्याने मधल्या मोठ्या घड्याळाच्या काट्यांच्या खिळ्याकडे एकटक पाहिलं. बाजूबाजूचे, वरचे, खालचे, सगळे लंबक डोळ्याच्या कोपऱ्यातून हलताना जाणवत होते. त्या उठल्या.

"आता तू बस. उजवा डोळा झाक. त्या खिळ्यावरून नजर हलवायची नाही. हललास तर मी वहिनीला सगळं सांगेन, बाटलीसकट."

दादा हसत बसला. असले खेळ त्याला आवडायचे. बाई भिंतीच्या कडेने पुढे सरकल्या, वाकल्या, उजवीकडच्या खालच्या ओळीतल्या अक्रोडी लाकडाच्या घड्याळाचं छोटं दार उघडलं, आणि लंबक दोन बोटांनी धरला.

"खालचं अक्रोडी बंद केलंस," दादा लगेच म्हणाला. नजर खिळ्यावरच होती. "उजवीकडचं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. अगदी क्षणभरच. चला, दिसतंय म्हणजे, वहिनीचं उगाच काहीतरी, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना आठवलं की हा आपला भाऊ आहे, आणि झोपेतसुद्धा यातलं एक घड्याळ थांबलं तर हा उठून बसतो.

"दिसलं, की ऐकू आलं?"

"ऐकू आलं. अकरातलं एक गप्प झालं तर कळणार नाही होय मला?"

"आणि दिसलं काय?"

"काय दिसायचंय? सगळं नेहमीसारखंच दिसतंय की."

बाईंनी लंबक अजून धरलेलाच होता. त्यांनी दुसरा हात वर केला, त्या घड्याळाच्या तोंडासमोर, पाचही बोटं पसरून, आणि हळूहळू हलवला. हिरव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत मागे सारल्या होत्या.

"दादा, माझा हात दिसतोय का?"

"कुठला हात?" दादा म्हणाला. "तू दारात उभी आहेस ना?"

दुकानात दहा घड्याळं चालू होती, तेवढाच आवाज. दादाने खिळ्यावरची नजर सोडली, मान वळवली, आणि आपल्यापासून हातभर अंतरावर वाकून उभी असलेली बहीण त्याला दिसली. तिचा वर केलेला हात दिसला. दुसऱ्या हातातला लंबक दिसला. तो त्या लंबकाकडे खूप वेळ बघत राहिला. नंतर त्याने डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं. मग पुन्हा उजवा झाकला. असं चार-पाच वेळा केलं. शेवटी डोळ्याला लावायचं भिंग त्याने टेबलावर ठेवलं, नेहमी जिथे ठेवायचा त्याच खाचेत, पण खाच चुकली आणि ते खाली पडलं. बाईंनी ते उचलून दिलं.

त्या दिवशी दादाने वाद घातला नाही. बाईंना तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. मोठ्या अर्धगोल यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. दादा इमानदारीने दाबत होता. पण मधेच बराच वेळ बटणाचा आवाज यायचा नाही, आणि प्रत्येक वेळी बाहेर बसलेल्या बाई मनातल्या मनात आकडे मोजायच्या. कागद छापून आला तेव्हा डाव्या डोळ्याचा खालचा एक भाग काळा होता, उजव्याचाही जरासा. डॉक्टर रागावले नाहीत, आणि बाईंना वाटत होतं की त्यांनी रागवावं. ते म्हणाले, गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंबांनी टिकवता येतं. आठ महिने थेंब सोडले नसते तर काळं कमी असतं. बाईंनी विचारलं, किती कमी? डॉक्टर म्हणाले, ते नेमकं सांगता येणार नाही. बाईंना वाटलं, हा माणूस किती सहज म्हणतो, सांगता येणार नाही.

परतताना रस्त्यात त्यांनी दादाची माफी मागितली. त्या दिवशी मी तुला घाईत हाकललं, म्हणाल्या. दादा म्हणाला, हाकललं नसतंस तरी मी आरशात बघितलंच असतं. मग थोडं पुढे जाऊन म्हणाला, पायरी आली की सांगत जा. एवढंच.

आता संध्याकाळी सात वाजता, नोंदखोलीला कुलूप लावून, बाई दुकानात जातात. वहिनीला हे काम देऊन चालत नाही, कारण वहिनीला तो पटवतो. स्वतःवर सोडलं तर त्याला बाटलीचा दुसरा काही उपयोग सुचेल. म्हणून बाईच. स्टुलाशी उभं राहायचं, त्याने मान मागे टाकायची, थेंब टाकायचा, मग नाकाजवळचा कोपरा बोटाने एक मिनिट दाबून धरायचा. त्या एका मिनिटात तो बोलतो. ते मिनिट मोजायला समोर अकरा घड्याळं आहेत, तरी ते सरत नाही.

परवा डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. नवी बाटली, नवी चिठ्ठी, चिठ्ठीवर सहा अक्षरी नाव. दादाने ती भिंगाखाली धरली, एकेक अक्षर लावून वाचली, आणि त्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी उजळला.

"चिमे, याचा अर्थ काय गं?"

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. शब्द सरळ होता. मधला तुकडा वहीच्या तिसऱ्या पानावर होता, शेवटचा सातव्या पानावर, दोन्ही त्यांच्या जिभेच्या टोकावर आले होते. सव्वीस वर्षांची सवय. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

दादाने भिंग काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुला? माहीत नाही?"

"नाही. वर बघ."

तो वर बघू लागला.